मामाच्या मळ्यावरच्या बायका

मनामातली आमची इमारत मालकाने पाडायला काढली, आणि रिफा गावातला नवा फ्लॅट काही तयार होईना. मुलगी शिकायला पुण्याला गेलेली, घरात आम्ही दोघंच. नवरा अस्करच्या बाजूला ॲल्युमिनियमच्या कारखान्यात शिफ्टवर. त्याला कंपनीच्या क्वार्टर्समध्ये एक खाट मिळाली. त्या खोल्यांना बहरीनमध्ये बॅचलरच्या खोल्या म्हणतात. लग्न झालेला, नातवंडं असलेला माणूसही बायको गावाकडे असली की इथे बॅचलरच. बायको याच देशात, अर्ध्या तासावर असलेला बॅचलर मात्र माझा नवरा पहिलाच असावा.

माझा प्रश्न उरला. माझं ऑफिस सीफच्या महागड्या वस्तीत. पण सीफमध्ये आमच्यासारख्यांनी नोकरी करायची असते, राहायचं नसतं. ऑफिसला नेणारा-आणणारा आमचा ड्रायव्हर महाडचा. त्याने सुचवलं, "बुदैयाच्या बाजूला एक मळा आहे, वहिनी. फक्त लेडीज ठेवतात. चांगल्या घरच्या आहेत सगळ्या. जरा दुखावलेल्या आहेत, एवढंच."

दुखावलेल्या म्हणजे आजारी असतील असं मला वाटलं. हवापालटासाठी येत असतील, असाही विचार मी केला. जागा पाहिल्यावर तर खात्रीच पटली. उंच भिंत, आत खजुराची झाडं, कोंबड्या, एक तिरसट बकरी, आणि बैठ्या घरात ओळीने खोल्या. समोर मोठा ओटा, मागे सगळ्यांचं मिळून एक स्वयंपाकघर. घरमालकीण तिथलीच, अरब. वयस्कर, धिप्पाड, फुलाफुलांचा पायघोळ झगा घातलेली. तिला सगळ्या 'मामा' म्हणायच्या. इकडे घरच्या मोठ्या बाईला मामाच म्हणतात.

कराडला फोन करून आईला सांगितलं, "मी मामाच्या मळ्यावर राहायला आलेय."

"कुणाचे मामा? आपल्याकडचे की सासरकडचे?"

"मामा बाई आहे, आई."

आई मग म्हणाली, "तिकडे असतं का तसं."

मामाचा नियम एकच होता. फाटकाच्या आत पुरुष येणार नाही. अपवाद एका म्हाताऱ्याचा. तो दुपारची नमाज झाली की यायचा, झाडांना पाणी सोडायचा, ओट्याच्या खालच्या पायरीवर बसून चहा प्यायचा आणि निघून जायचा. पायरी त्याने कधी ओलांडली नाही. तो माळी असेल असं मी धरून चालले होते.

पहिल्याच संध्याकाळी चहाला आम्ही ओट्यावर बसलो. मळ्यावर तेव्हा आणखी दोघी होत्या. एक रत्नागिरीची, कोकणी मुसलमान, माझ्याहून थोडी मोठी; एका व्यापाऱ्याच्या ऑफिसात क्लार्क. दुसरी सांगलीकडची, तिशीतली नर्स. ती रत्नागिरीच्या बाईंना आपा म्हणायची आणि मला आल्या आल्या ताई म्हणायला लागली.

आपाने माझ्यापुढे खारी सरकवली आणि विचारलं, "तुजी तारीख कधी गो?"

"कसली तारीख?"

"कोर्टाची. तलाकची."

मी म्हटलं, "छे, मला नाही घटस्फोट घ्यायचा. आमचं चांगलं चाललंय. फक्त फ्लॅट तयार नाही."

दोघींनी एकमेकींकडे पाहिलं. नर्स माझ्या हातावर हात ठेवून अगदी हळू म्हणाली, "ताई, सुरुवातीला मीसुद्धा असंच सांगत होते. मी तर म्हणायचे, हॉस्पिटल जवळ पडतं."

तेव्हा कुठे मला ड्रायव्हरच्या बोलण्याचा अर्थ लागला. मामाकडे येणाऱ्या बायका कोर्टाच्या तारखांची वाट बघत राहणाऱ्या होत्या. कुणी महिनाभर राहायची, कुणी वर्षभर. मामाने काही तसा बोर्ड लावला नव्हता. एकीने दुसरीला सांगत सांगत ते तसं होत गेलं. आणि मामाला या विषयातलं कळतही होतं. तिचे स्वतःचे दोन तलाक झाले होते. दोन्ही त्या पायरीवरच्या म्हाताऱ्याशी. एकदा मोडलं, परत लग्न केलं, परत मोडलं.

मामाला मोडकी हिंदी यायची. माझी हकीकत तिने मन लावून ऐकली आणि विचारलं, "आदमी मारता?"

"नाही."

"दूसरा औरत?"

"नाही हो."

"तो तुम इधर क्यों?"

"फ्लॅट तयार नहीं है, मामा."

मामाने मान हलवली. अशी मान मी लहानपणी आमच्या डॉक्टरांना हलवताना पाहिली होती, पेशंट पथ्य पाळल्याचं सांगतो तेव्हा.

मी खोटं बोलत नाही हे सिद्ध करायला माझ्याकडे एकच साक्षीदार होता, आणि तो शुक्रवारी गाडी घेऊन यायचा. आत यायची परवानगी नसल्यामुळे फाटकाबाहेर गाडी उभी करायचा आणि हॉर्न वाजवायचा. आयुष्यभर तो तसाच हॉर्न वाजवत आला आहे, मला त्यात काही वाटलं नव्हतं. पहिल्या शुक्रवारी मी बाहेर गेले तर त्याने काच खाली करून विचारलं, "माझा निळा शर्ट कुठल्या बॅगेत आहे?"

परत आले तर दोघी माझी वाट बघत होत्या.

"गाडीतून उतरला नाही तो," नर्स म्हणाली.

"ऊन होतं ना."

"आल्या आल्या शर्ट विचारला," आपा म्हणाली. "तू कशी आहेस विचारलं?"

"नंतर विचारलं."

"नंतर म्हणजे कधी? शर्ट सापडल्यावर?"

मी चहा ठेवायला उठले, कारण शर्ट सापडल्यावरच विचारलं होतं.

हळूहळू त्यांना नाद लागला. स्वतःच्या नवऱ्यांबद्दल बोलून बोलून दोघी कंटाळल्या होत्या, त्यांना बोलायला माझा नवरा मिळाला. वाढदिवस लक्षात असतो का, असं नर्सने विचारलं. मी म्हटलं, असतो की, मी आठवण करून दिली की असतो. माहेरी सोडायला येतो का? येतो, आणि लगेच परत जातो. भांडण झालं तर आधी कोण बोलतं? यावर मी विचार करायला लागले आणि आपा नर्सला म्हणाली, "बघ, आठवावं लागतंय."

आपाची स्वतःची कहाणी ऐकली तेव्हा मला पहिल्यांदा हसू आलं, मग आलं नाही. तिचा नवरा कपड्यांचं छोटं दुकान चालवणारा. मारत नव्हता, पीत नव्हता. तो फक्त उत्तर देत नव्हता. काहीही विचारा, 'बघू' म्हणायचा. रत्नागिरीला जाऊया? बघू. मुलाच्या लग्नाचं काय? बघू. मुलाने शेवटी स्वतःच ठरवलं आणि तो कॅनडात स्थायिक झाला. आपाला डबे करून द्यायचा धंदा काढायचा होता. हात चांगला होता तिचा. त्यालाही बघू. "त्याने नाही म्हटलेलं चाललं असतं गो," ती म्हणाली. "नाही म्हणणाऱ्या माणसाशी भांडता येतं." एक दिवस तिने त्याला सांगितलं, मला खुला पायजे. बायकोने मागितलेल्या तलाकला खुला म्हणतात. त्यावरही तो बघू म्हणाला. त्याच दिवशी ती बॅग घेऊन मामाकडे आली.

नर्स तिचं कारण सांगत नसे. तिचं प्रकरण सांगलीच्या कोर्टात, दोघांच्या संमतीने चाललं होतं, एवढंच आम्हाला माहीत. आपाने नाना तर्क केले. ती नुसती हसायची.

आता मला कबूल करायला हवं, की रोज संध्याकाळी दुसऱ्यांच्या नवऱ्यांच्या तक्रारी ऐकल्या की आपल्या नवऱ्याकडे बघायची नजर बदलते. तो हॉर्न वाजवायचा आणि मला तो हॉर्न ऐकू यायला लागला. त्यात एका शुक्रवारी तो स्टीलचा डबा घेऊन आला. गाडीतून उतरूनसुद्धा आला. डब्यात पिठलं होतं, क्वार्टर्समधल्या शेगडीवर त्याने स्वतः केलेलं. खूश होता. कुठलीही शहाणी बायको खूश झाली असती.

मी म्हटलं, "मी घरात असताना कधी गॅस पेटवला नाहीस."

"तू पेटवू कुठे दिलास?"

"मी कधी अडवलं?"

"स्वयंपाकघरात पाऊल टाकलं की म्हणायचीस, बाजूला हो, मध्ये येऊ नकोस. मग झालो बाजूला."

फाटकाखालच्या फटीतून मला दोन चपलांचे जोड दिसत होते. दोघी पलीकडे उभ्या राहून ऐकत होत्या. त्या ऐकतायत म्हणूनच की काय, मी जास्तच चढले. त्याने माझ्यासाठी काय काय केलं नाही याची उजळणी केली. त्यातलं बरंचसं मला महिन्यापूर्वी माहीतही नव्हतं.

तो म्हणाला, "तू त्या बायकांत राहून बिघडलीस."

"बरं. माझी तारीख लागली की कळवीन."

त्याने डबा माझ्या हातात दिला आणि गेला. पिठलं चांगलं झालं होतं. ते जास्त झोंबलं. आपाने भाकरीबरोबर चाखून बघितलं आणि म्हणाली, "मीठ बरोबर आहे. असला नवरा कोर्टात भारी पडतो गो."

त्यानंतर आठवडाभर त्याचा फोन आला नाही. मीही केला नाही. पुढच्या शुक्रवारी हॉर्न वाजला नाही. आम्ही तिघींनी मिळून कोळंबीचं कालवण केलं, मामाने खजुराचं काहीतरी गोड केलं, आणि दुपार हसण्यात गेली.

मग आपाची तारीख आली. आधीच्या तारखांना समजूत घालून झाली होती. या वेळी निकाल लागेल असं वकील म्हणत होता. तिला न्यायला मुहर्रकहून भाऊ येणार होता. त्याने आदल्या दिवशी कळवलं, मला ड्युटी आहे. खरं म्हणजे त्याला मेव्हण्यासमोर उभं राहायचं नव्हतं. आपा म्हणाली, टॅक्सीने जाते. मामाला ते पटेना. अशा कामाला टॅक्सीने गेलं तर "टॅक्सीवाला पूरा बहरीन को बोलेगा," असं तिचं म्हणणं. सगळ्यांनी माझ्याकडे बघितलं.

मी फोन लावला. म्हटलं, "उद्या सकाळी मोकळा आहेस का? कोर्टात जायचंय."

तो म्हणाला, "इतक्यात?"

माझ्या लक्षातच आलं नव्हतं. मी घाईघाईने म्हटलं, "माझी नाही. आपांची तारीख आहे. रत्नागिरीच्या."

त्याने सोडलेला श्वास मला फोनवर ऐकू आला. "अगं, मग आधी ते सांगत जा ना," तो म्हणाला.

सकाळी तो रात्रपाळी संपवून थेट आला. केस ओले, शर्टाला इस्त्री. निळाच शर्ट होता. नर्स ड्युटीवर गेली होती. मामा पुढच्या सीटवर बसली आणि सीट मागे घेताना माझे गुडघे चेपले. आपा माझ्याशेजारी, तोंडातल्या तोंडात दुआ म्हणत. मामाने वाटेत एकदा त्याला सांगितलं, "शुवय्या, शुवय्या," म्हणजे हळू चालव. तो आधीच हळू चालवत होता.

कोर्टाच्या बाहेरच्या लांब खोलीत आपाचा नवरा आधीच येऊन बसला होता. बारीक, नीटनेटका माणूस. हातात प्लॅस्टिकची पिशवी. तो उठून आमच्याकडे आला, आपाकडे न बघता ती पिशवी माझ्या नवऱ्याकडे दिली आणि म्हणाला, "चष्मा राहिला होता तिचा. घरीच." आपाने चष्मा घेतला, लावला, आणि भिंतीवरची सूचना वाचत बसली. सूचना अरबीत होती, तिला अरबी वाचता येत नव्हतं.

दोघांना आत बोलावलं. आम्हाला सोडलं नाही. त्याआधी बराच वेळ तो माणूस माझ्या नवऱ्याच्या शेजारी बसून बोलत होता. मी लांबून बघत होते, त्याचं तोंड थांबतच नव्हतं.

आत काय झालं ते आपाने परत येताना गाडीत सांगितलं. काझींनी दुभाष्यामार्फत तिच्या नवऱ्याला विचारलं, तुझी या खुल्याला संमती आहे का? तो म्हणाला, "इंशाल्ला." काझी म्हणाले, "इंशाल्ला आम्हीही म्हणतो. तू हो म्हण नाहीतर नाही म्हण." तो म्हणाला, "जशी अल्लाची मर्जी." काझींनी चष्मा काढून टेबलावर ठेवला. "अल्लाची मर्जी मी नंतर विचारीन. आत्ता तुझी विचारतोय."

"मग?" मी विचारलं.

"मग माझ्याकडे बघितलं त्याने," आपा म्हणाली. "बघतच राहिला. आणि हो म्हणाला."

ती मग म्हणाली, "इतक्या वर्षांत पहिलं सरळ उत्तर दिलं बघ. त्याचं काय करू मी आता?" आणि ती रडायला लागली. मी कधी कुणाला तसं रडताना पाहिलं नाही. आवाज न करता, चष्मा न काढता.

माझ्या नवऱ्याने काही न विचारता गाडी बाजूला घेतली. समोरच्या टपरीवरून सगळ्यांसाठी करक, म्हणजे इथला कडक दुधाळ चहा आणला, एकेकीच्या हातात दिला, आणि स्वतःचा कप घेऊन गाडीपासून दूर, पाठ करून उभा राहिला. उन्हात. तिचं रडणं थांबेपर्यंत तो वळला नाही. मामा त्याच्याकडे काचेतून बघत होती.

"ये आदमी ठीक है," ती म्हणाली. मग मागे वळून मला म्हणाली, "तुम इधर से जाओ. कमरा दूसरे को चाहिए."

नंतर मी त्याला विचारलं, तो माणूस तुझ्याशी इतकं काय बोलत होता? तो म्हणाला, "दुकान, गुडघे, मुलगा, सगळंच. चांगला बोलतो की."

"मग तिच्याशी का नाही बोलला कधी?"

"मी त्याला काही विचारलं नव्हतं ना," माझा नवरा म्हणाला. "आपलं आपलं बोलत होता." यावर मी बराच विचार केला. पटलं नाही, पण खोडताही आलं नाही.

मामाने जा म्हटलं तरी फ्लॅट तयार नव्हताच, त्यामुळे मी आणखी काही आठवडे राहिले. फरक एवढाच पडला, की माझ्या नवऱ्याला फाटकाच्या आत प्रवेश मिळाला, पाण्याची मोटर बिघडली होती म्हणून. तो आणि तो म्हातारा दर शुक्रवारी मोटर उघडून बसायचे. दोघांना एकमेकांची भाषा येत नव्हती आणि मोटर काही लवकर दुरुस्त होत नव्हती, पण दोघं मजेत असायचे. म्हाताऱ्याच्या मनात मामाला तिसऱ्यांदा लग्नाचं विचारायचं आहे, हे मला नवऱ्याकडूनच कळलं. खुणांनी सांगितलं असावं. आपाने ते मामाच्या कानावर घातलं.

मामा म्हणाली, "दो बार शादी किया, घर में नहीं मिलता था. अभी रोज आता, टाइम पे आता. शादी करेगा तो कब आएगा?" आणि त्याच्या चहात साखर घालायला निघून गेली.

नर्सचा निकाल व्हिडिओवर लागला. सांगलीचं कोर्ट, वकिलाच्या ऑफिसात बसलेला तिचा नवरा, इथे खोलीत ती. आम्ही स्क्रीनमध्ये येणार नाही अशा बेताने पलंगावर बसलो होतो. सगळं काही मिनिटांत आटोपलं. बंद करण्याआधी तिने त्याला विचारलं, "जेवलास का?" तो म्हणाला, "हो. तू?" ती म्हणाली, "जेवते आता." मग ती उठली आणि सगळं स्वयंपाकघर घासून काढलं. मला राहवलं नाही, मी कारण विचारलं. तिने कपाट पुसता पुसता सांगितलं, "ताई, कारण सांगितलं ना, की लोक त्याच्यावर उपाय सांगतात." पुढे तिला आयर्लंडला नोकरी लागली. निघताना तिने मला तिची कढई दिली.

अखेर फ्लॅटची किल्ली मिळाली. आम्हाला वाटलं होतं एकत्र राहायला काय, राहतच होतो. पण दोघांनाही एकटं राहायची सवय लागली होती. पहिल्या सकाळी आम्ही एकमेकांना न सांगता दोन पातेल्यांत दोन चहा केले. तो टॉवेलची घडी क्वार्टर्ससारखी चौकोनी घालायला लागला होता. स्वयंपाकघरात तो आला की 'बाजूला हो' माझ्या ओठांवर यायचं आणि मी ते गिळायचे. कधीकधी गिळलं जायचं नाही. आपा मात्र आता ऐकून घेत नाही कुणाचं. ती मळ्यावरच राहिली, आणि तिथल्या स्वयंपाकघरातून तिचे डबे सीफच्या ऑफिसांत जातात, माझ्याही. बिर्याणीच्या दिवशी नाव आधी सांगावं लागतं.

एका शुक्रवारी ती आमच्याकडे जेवायला आली होती. दुपारी तिला मळ्यावर सोडून आम्ही परत येत होतो. सिग्नलला गाडी थांबली तेव्हा त्याने विचारलं, "तिथे राहत होतीस तेव्हा खरंच कधी वाटलं का, की परत येऊ नये?"

मी खरं सांगायचं ठरवलं. "एकदा. तू आला नव्हतास त्या शुक्रवारी. मला वाटलं होतं खूप वाईट वाटेल. तेवढं वाटलं नाही. त्याचीच भीती वाटली."

तो म्हणाला, "मी त्या दिवशी मच्छी तळली होती. आणि मस्त झोपलो. जाग आल्यावर मला कसंतरीच झालं."

मागच्या गाडीने हॉर्न दिला. सिग्नल हिरवा होऊन वेळ झाला होता. पुढे कोपऱ्यावरच्या कोल्ड स्टोअरशी, म्हणजे इथल्या वाण्याच्या दुकानाशी, त्याने गाडी थांबवली आणि विचारलं, दही संपलंय का. संपलं होतं. मीही उतरले. आम्ही दही घेतलं, थोडी कोथिंबीर घेतली, आणि घरी आलो.